मुळमुळेकाकांचं गेट

मी बेंगळुरूहून परत येऊन नऊ दिवस झाले होते, तेव्हा मुळमुळेकाकांनी जिन्यात माझ्या नवऱ्याला थांबवून विचारलं, "सुनीताताई कधी येतायत?"

मी शेजारीच उभी होते. हातात भाजीची पिशवी होती, त्यात दोडके होते.

"काका, मी ही काय इथे!"

काकांनी माझ्याकडे बघितलं. चष्मा सावरून नीट बघितलं. मग भिंतीवरच्या फोटोला करावा तसा मला नमस्कार केला आणि पुन्हा नवऱ्याकडे वळून म्हणाले, "आल्या की कळवा. गेट उघडंच ठेवलंय."

नवरा "हो हो" म्हणाला. तो सगळ्यांनाच हो हो म्हणतो.

भोपाळमध्ये, बाग सेवनियातल्या आमच्या कॉलनीत मुळमुळेकाकांची ही रीत सगळ्यांना माहीत आहे, पण बाहेरच्या माणसाला ती समजावून सांगावी लागते. काका मूळचे अमरावतीकडचे. गोविंदपुऱ्यातल्या एका कारखान्यात चौतीस वर्षं टाइमकीपर होते. गेटजवळच्या खोलीत एक मोठा लाकडी फळा असायचा. डाव्या बाजूला 'अंदर', उजव्या बाजूला 'बाहर', आणि दोन्हीकडे खिळ्यांच्या रांगा. प्रत्येक कामगाराचा नंबर घातलेला पितळी बिल्ला. आत येताना तो 'बाहर'वरून काढून 'अंदर'ला लावायचा, जाताना उलट. पाळी सुटल्यावर 'अंदर'ची बाजू रिकामी झाली की काका हाळी द्यायचे, "गेट बंद करू?" आणि मगच कुलूप लागायचं.

एकदा एक बिल्ला आतच राहिला. सगळे म्हणाले, मागच्या भिंतीवरून उडी मारून घरी गेला असेल, नेहमीचंच आहे. सुपरवायझर म्हणाला, साहेबाची गाडी खोळंबली आहे, कुलूप लावा. काकांनी किल्ली खिशात घातली आणि एकटेच शोधायला गेले. तो माणूस रंगकामाच्या टाकीत बेशुद्ध पडलेला सापडला. वाचला. अजून दर दसऱ्याला तो आपट्याची पानं घेऊन काकांकडे येतो.

तेव्हापासून त्यांचं मत पक्कं झालं, की माणूस कुठे आहे हे माणसांना विचारू नये, फळ्याला विचारावं.

कारखाना बंद पडला तेव्हा लोकांनी पंखे नेले, कपाटं नेली. काकांनी फळा आणला, पिशवीभर बिल्ल्यांसकट, आणि हॉलमध्ये टीव्हीच्या जागी लावला. टीव्ही बेडरूममध्ये गेला. त्यावरून काकू आठवडाभर बोलत नव्हत्या.

त्यांचा मुलगा प्रसाद पहिल्यांदा विमानाने बेंगळुरूला गेला, तेव्हा काकांनी त्याच्या नावाचा एक बिल्ला 'बाहर'ला लावला. तो परत आल्यावर त्याच्या खिशातलं बोर्डिंग पासचं फाडलेलं अर्धं मागून घेतलं, तारेत टोचलं आणि बिल्ला 'अंदर' केला. मग सगळी कॉलनीच त्यात आली. जो विमानाने जाईल त्याला नंबर. माझा सत्तेचाळीस, नवऱ्याचा अठ्ठेचाळीस. परत आलं की दारातच हात पुढे यायचा. "चिटोरं आणलंत?"

रेल्वेने जाणाऱ्याला मात्र बिल्ला नाही. मी एकदा कारण विचारलं होतं.

"रेल्वे जमिनीवरून जाते, ताई. माणूस कुठेही उतरला तरी कुठेतरी असतो. विमानातला माणूस तेवढा वेळ कुठेच नसतो."

मी टी. टी. नगरच्या एका सरकारी कचेरीत आवक-जावक बघते. येणाऱ्या कागदावर शिक्का, जाणाऱ्या कागदावर शिक्का. त्यामुळे कॉलनीत सगळे काकांना हसायचे तेव्हा मी जरा कमी हसायचे. कागद आला म्हणजे आला, ही गोष्ट मला कळते.

काकूंना हे खूळ वाटायचं. "अहो, मी काय तुमची फिटर आहे का?" म्हणून त्या बिल्ला लावू द्यायच्या नाहीत. तरी काकांनी सतरा नंबर त्यांच्यासाठी राखून ठेवला होता. सतरा तारखेला लग्न झालं होतं म्हणून. दोन वर्षांपूर्वी काकू नातवाला बघायला एकट्या बेंगळुरूला गेल्या, तेव्हा काकांनी सतरा नंबर गुपचूप 'बाहर'ला लावला. काकांचं खुब्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यांना जाता येईना. परतायच्या दिवशी सकाळी काकूंना तिथेच चक्कर आली आणि दुपारपर्यंत सगळं संपलं. प्रसादने तिकडेच उरकलं. अस्थीही तिकडच्याच नदीत सोडल्या.

काका रडले नाहीत. फळ्यासमोर खुर्ची ओढून बसले.

त्याच सुमारास विमान कंपन्यांनी कागद जवळजवळ बंदच केला. पास फोनमध्ये येऊ लागला. विमानतळाच्या फाटकावर फोनची काच दाखवायची, मशीन टुंग करतं, आत जा. लोक हात हलवत परत यायला लागले आणि काकांची खरी पंचाईत झाली.

"चिटोरं?"

"फोनमध्ये आहे काका, हे बघा."

"हे तर जायच्या आधीपासून होतं ना तुमच्याकडे?"

"हो."

"मग आल्याचं काय सांगतं ते?"

कोणी प्रिंट काढून आणून दिली, तर काका ती उलटसुलट करून परत द्यायचे. घरबसल्या निघतो तो कागद, त्याला फाटकावरच्या माणसाचा हात लागलेला नाही. बिल्ला बाहेरच राहायचा. आणि ज्याचा बिल्ला बाहेर तो माणूस काकांच्या लेखी आलेलाच नाही. तिवारींच्या मुलाचं लग्न झालं तेव्हा काकांनी आहेराचं पाकीट नवरदेवाच्या देखत त्याच्या वडिलांच्या हातात दिलं आणि म्हणाले, "बेटा आ जाए तो दे देना." नवरदेव घोड्यावर बसलेला होता.

मागच्या दिवाळीपर्यंत 'बाहर'च्या बाजूला एकोणीस बिल्ले झाले होते. त्यात माझाही आला. मुलीकडे बेंगळुरूला जाऊन आले आणि पास फोनमध्ये होता.

आता यापुढचं मी जसं घडलं तसं सांगते. अर्थ काढत नाही.

परत आल्यानंतर दुसऱ्या दिवशी कॉलनीच्या फाटकावर चौकीदाराने मला अडवलं. "मैडम, ऐप में तो आप आई ही नईं अभी." मी म्हटलं, नेट गेलं असेल. त्याच आठवड्यात कचेरीतलं हजेरीचं मशीन माझा अंगठा घेईना. भांडी घासून रेषा पुसल्या असतील म्हटलं. आमच्या जिन्यात प्रत्येक वळणावर माणूस आला की आपोआप लागणारा दिवा आहे. नवरा पुढे असला की लागायचा. मी एकटी चढले की लागायचा नाही. एकदा मी जिन्याच्या मध्यावर उभी राहून हात वर करून हलवले. वरून मुळमुळेकाका उतरत होते. दिवा त्यांच्यासाठी लागला. त्यांनी माझ्याकडे फार मायेने बघितलं.

"घाई करू नका, ताई," ते हलकेच म्हणाले. "मी आहे इथे."

मी घरी जाऊन आधी विजेवाल्याला फोन केला.

त्यानंतर काही दिवसांनी प्रसादचा फोन आला. काका बाथरूममध्ये घसरले होते, कोणाला न सांगता स्वतःच उठले होते. डॉक्टर म्हणत होते, एकटं ठेवू नका.

"मावशी, तुम्ही समजवा. मी तिकीट काढतो म्हटलं तर म्हणतात, गेट उघडं टाकून टाइमकीपर जात नसतो. म्हणजे काय?"

"बिल्ले बाहेर आहेत म्हणजे."

"मावशी, तुम्हीपण?"

मी त्याला म्हटलं, बघते. माझ्या डोक्यात सरळ हिशेब होता. मुलीकडे पुन्हा जायचंच होतं. येताना खरं चिटोरं आणायचं, माझा बिल्ला आत करून घ्यायचा. एक आत आला की इतरांनाही सांगता येईल. मग सतरा नंबरचा विषय काढायचा आणि काकांना बॅग भरायला लावायची.

जाण्याआधी रीतीप्रमाणे सांगायला गेले, तर काका दार अर्धवट धरून म्हणाले, "तुम्ही गेलेल्याच आहात. गेलेला माणूस परत कसा जाईल?"

येताना बेंगळुरूच्या काउंटरवर मी कागदच हवा म्हणून अडून बसले. तिथली मुलगी हसून म्हणाली, "मैम, फोन में है ना?" मी म्हटलं, "फोन में मैं नहीं हूँ, बेटा. मैं यहाँ हूँ." तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि कागद छापून दिला. फाटकावरच्या पोराने तो फाडून छोटा तुकडा माझ्या हातात ठेवला. आवक-जावकमध्ये इतकी वर्षं काढली, पण कुठल्या कागदाने इतकं बरं वाटल्याचं आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातच्या सुमारास तुकडा घेऊन गेले. दार काकांनीच उघडलं. तुकडा हातात घेतला, दिव्याखाली धरला, फाटलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"हा दुसऱ्या फेरीचा आहे."

"हो."

"पहिल्या फेरीला गेलेल्या सुनीताताई अजून बाहेर आहेत. मग ही कोण गेली होती?"

मी कचेरीतला आवाज काढला. "काका, माणूस एकच. मधला कागद गहाळ. शेरा मारा आणि जमा करून घ्या."

ही भाषा त्यांना पटली. त्यांनी तुकडा तारेत टोचला, सत्तेचाळीस नंबर 'बाहर'वरून काढून 'अंदर'ला लावला आणि दोन महिन्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसले. "या ताई, बसा. किती बारीक झालात! मुलगी काय म्हणते?"

मी बसले. मुलीचं सांगितलं. मग विषय काढला.

"काका, सतरा नंबरचं काय करायचं?"

ते उठले, फळ्याखालच्या कपाटातून काकूंचा फोन काढून आणला. प्रसादने चष्मा आणि दोन साड्यांबरोबर कुरियरने पाठवला होता. काका तो रोज चार्ज करत होते. मी हातात घेतला. सिमची खाच रिकामी होती. पडद्यावर काकूंचा पास होता, बेंगळुरू ते भोपाळ, सीट चौदा. प्रसादने आदल्या दिवशीच चेक-इन करून ठेवलेलं. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, विमान वेळेवर आहे.

"पास आला," काका म्हणाले. "ती नाही आली. कागद असता तर असं झालं नसतं, ताई. कागद फाडायला माणूस तिथे लागतो. आलाच तर माणसाच्या हातातूनच येतो. ती गेली, तिला पोचवलं, प्रसाद सांगतो ते सगळं मी ऐकलं. मी काही खुळा नाही. पण हे यंत्र अजून म्हणतंय की विमान वेळेवर आहे. त्या दिवशी रंगाच्या टाकीचंही सगळे म्हणत होते, लावा कुलूप."

माझं सगळं भाषण तयार होतं. बाथरूम, डॉक्टर, प्रसाद.

काकांनी घड्याळाकडे बघितलं. "सहा-वीसला उतरतं. सामान, टॅक्सी, होशंगाबाद रोडची गर्दी. सव्वासात धरा."

सात वाजून चौदा मिनिटं झाली होती. माझ्या हातातला काकूंचा फोन एकदा थरथरला. मी तो टेबलावर पालथा ठेवला. वाचला नाही.

काका उठून दाराकडे गेले. हे रोजचं असावं. लंगडत्या पायाने, पण कामावर जाणाऱ्या माणसासारखे गेले. त्यांनी दार सताड उघडलं. मीही मागोमाग गेले आणि उंबऱ्यात उभी राहिले, कारण त्यांचा तोल जाईल अशी भीती वाटली. जिना रिकामा होता, अंधारा होता. विजेवाला शेवटी त्याच दुपारी येऊन ते दिवे दुरुस्त करून गेला होता, हे मुद्दाम नोंदवते. मी स्वतः चारदा चढून-उतरून तपासले होते. आता ते माणूस असल्याशिवाय लागत नव्हते.

आम्ही दोघं उभे होतो. आवाज नाही. कुणी चढत नव्हतं.

खालच्या वळणावरचा दिवा लागला.

मग मधला.

काकांनी खिशातून सतरा नंबरचा बिल्ला काढला. तो फळ्यावर नव्हता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्यांनी तो सदऱ्याच्या कडेला पुसला आणि मुठीत धरला. चेहरा पाळी सुटतानाच्या टाइमकीपरचा. कुणाची तक्रार नाही, फक्त कुणी राहून जाऊ नये इतकंच.

"ताई," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "जरा बाजूला होता का? दारात उभ्या आहात."

मी सरकारी नोकरीतली बाई आहे. समोर कागद नसेल तर मी कुणाला आत सोडत नाही.

मी बाजूला झाले.