सभापतींचा पाणीप्रश्न

पाणी माझ्या शब्दाबाहेर नाही, असं मी घरात जाहीर केलं तेव्हा माझे मोजे ओले होते. निर्धार मात्र कोरडा ठणठणीत होता!

प्रश्न सभापतींचा होता. सभापती म्हणजे आमचा गोल्डफिश. दिवसभर तोंड उघडतो, मिटतो, आणि बोलत काहीच नाही, म्हणून हे पद. अलीकडे त्यांचा देह असा सुटलाय की पाणी स्वच्छ ठेवायचं तर काचेच्या टाकीखाली, कपाटात, दुसरी टाकी जोडणं भागच होतं. वरचं पाणी काठाशी आलं की नळीतून खाली उतरणार, गाळून निघणार, आणि पंप ते पुन्हा वर चढवणार. साधी गोष्ट! एक जिना, एक लिफ्ट.

पहिल्याच प्रयत्नात जिना तुंबला आणि लिफ्ट चालू राहिली. दिवाणखान्यातला गालिचा तराफ्यासारखा स्वयंपाकघराच्या दिशेने निघाला.

"अहो," बायको शब्दकोड्यातून मान वर न काढता म्हणाली, "रविवारी शेवटची संधी. फरशीवर एक थेंब जरी दिसला ना, तर मासा माझ्या भावाकडे."

तिच्या भावाच्या बागेत तळं आहे. तळ्याच्या काठावर शेजाऱ्यांचा बोका बसतो. "मासे आहेत हो, लपलेत कुठंतरी," असं मेहुणा कधीपासून सांगतोय. बोका मात्र दिवसेंदिवस गुबगुबीत होत चाललाय.

मी कंबर कसली! पाणी उतरायला एकाऐवजी दोन नळ्या बसवल्या. एक तुंबली तर दुसरी हजर. राहता राहिली वीज. ती गेली की पंप थांबतो, आणि पाणी वर चढवणारी नळीच फितूर होऊन अख्खी टाकी खाली ओढून घेते. त्यावर माझी खास युक्ती: त्या नळीला, पाण्याच्या पातळीखाली जरासं, एक बारीक भोक! पाणी तिथवर उतरलं की नळीत हवा शिरते आणि ओढ तुटते. शनिवारी बायको बाजारात गेली असताना मी पंप बंद करून पाहिला. पाणी दोन बोटं उतरलं आणि गपकन थांबलं. मी सभापतींना सलाम ठोकला. त्यांनी तोंड उघडलं.

भोकाबद्दल मी कुणाकडे चकार शब्द काढला नाही. मेहुणा बघायला येणार होता. जादूगार कधी आधी टोपी उलटी करून दाखवतो का?

रविवारी मेहुणा आला तो बादली घेऊनच.

"ही कशाला?"

"लागली तर असावी, भावोजी! झाकणाची आहे."

"नाही लागणार."

त्याने कपाटात डोकं घातलं. "पंप उलटा बसवलाय तुम्ही."

"सुलटा आहे."

"ताई, तू बघ गं. उलटाच आहे ना?"

"मला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली. पण कोडं बाजूला ठेवून, पेन्सिल केसांत खोचून, टाकीपाशी येऊन उभी राहिली.

"आता वीज जाणार!" मी गरजलो आणि बटण बंद केलं.

पाणी दोन बोटं उतरलं. चार बोटं उतरलं.

"थांबेल," मी म्हणालो.

वीतभर उतरलं.

"थांबतंय!"

कपाटाची दारं आपोआप उघडली आणि आतून पाणी, पाहुण्यांसारखं, एकदम घरात शिरलं.

"भावोजी, पंप लावा!"

"वीज गेलेली आहे!"

"अहो, बटण तुमच्या बोटाखाली आहे!"

"चाचणी म्हणजे चाचणी!"

सभापती आडवे पडून सभा चालवू लागले. "अहो, मासा!" अशी किंकाळी फोडून बायकोने टाकीत दोन्ही हात घातले आणि त्यांना थेट बादलीत सोडलं. तेव्हा कुठे मी भानावर येऊन नळी उपसून काढली.

माझं भोक बुजलं होतं! आत काहीतरी गुलाबी, कोरून, घट्ट बसवलेलं. नखाने उपटलं. पेन्सिलीच्या मागचा खोडरबर. मी बायकोच्या केसांकडे पाहिलं. पेन्सिलीचं टोक बोडकं होतं.

"सकाळी काचेतून बघितलं, तर नळीतल्या भोकातून पाणी बाहेर येत होतं," ती माझ्या कानाशी पुटपुटली. "म्हटलं, गळतंय. याने बघितलं तर मासा जाईल आपला..."

तिकडे मेहुण्याने बादली उचलली होती. "चला, ठरल्याप्रमाणे! गणित चुकलं ना, भावोजी?"

संसारातल्या एकूण एक वादांचं उत्तर माझ्या तळहातावर होतं. मी मूठ मिटली.

"चुकलं," मी म्हणालो.

"बादली खाली ठेव," बायको म्हणाली.

"ताई! शब्द तुझाच होता!"

"होताच. एक थेंब दिसला तर. दाखव मला, कुठाय थेंब?"

मेहुण्याने घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहून चहूकडे पाहिलं. "अगं, सगळीकडे पाणीच पाणी आहे!"

"पाणी आहे. थेंब कुठाय?"

तो बादली ठेवून गेला. चपला मात्र तरंगत त्याच्याआधीच दारापाशी पोचल्या होत्या.

आता कोड्यात उत्तर चुकलं की बायको माझ्यापुढे हात पसरते. मी खिशातून खोडरबर काढून देतो, आणि खोडून झालं की परत मागून घेतो. पुरावा आपल्याकडे असलेला बरा!

एवढा पुरावा खिशात असून त्या दिवशी फरशी कुणी पुसली, ते मात्र विचारू नका.