फळ्यांची खालची बाजू

ताट मांडीवर घेऊन जेवायचा मला कंटाळा आला, एवढीच काय ती सुरुवात.

मी सुतार. चौथीपर्यंत शिकलो. पुढे शाळेनं मला सोडलं की मी शाळेला, यावर घरात अजून एकमत नाही. आयुष्यभर लोकांची टेबलं केली, स्वतःच्या घरात मात्र एकच, स्वयंपाकघरातलं. साठीनंतर बायको चित्रं काढायला लागली आणि तेही गेलं. त्यावर रंगाच्या बाटल्या, ब्रश, चिंध्या. जेवायच्या वेळी ती सगळं आवरायची, जेवण झालं की पुन्हा मांडायची. ओलं चित्र उचलताना तिचा चेहरा असा काही उतरायचा की मला घास जाईना. म्हणून म्हणालो, "राहू दे तिथंच. मी ताट मांडीवर घेतो."

दोन वर्षं घेतलं. (पातळ भाजी असली की जेवणानंतर कपडे बदलायचे, हेही ठरून गेलं होतं.) मग एक दिवस मनात आलं, तळ्याकाठी आपला जमिनीचा तुकडा आहे, तिथं छोटं लाकडी घर बांधू आणि त्यात तिला चित्रांसाठी एक खोली देऊ. टेबल आपोआप मोकळं होईल.

आमची लेक आर्किटेक्ट आहे. तिनं नकाशा काढला आणि अटी घातल्या.

"बाबा, एकही नवं झाड तोडायचं नाही. सगळं लाकूड जुनं, कुणीतरी टाकलेलं. आणि खिळा नाही, गोंद नाही, सगळं स्क्रूवर. उद्या घर नको झालं तर खोलून लाकूड परत वापरता आलं पाहिजे."

"घर काय घड्याळ आहे खोलायला?"

"तळं आपल्या आधीपासून आहे बाबा. आपण तिथं पाहुणे."

पाहुण्यानं घर स्क्रूवर का बांधायचं, ते मला कळलं नाही. पण लेक शिकलेली. मी मान हलवली.

वर्षभर काम चाललं. पाडलेल्या शाळेचे दरवाजे मिळाले, एक फुटकी होडी मिळाली, कुणाचा तरी जिना मिळाला. घर खांबांवर उभं राहिलं, म्हणजे तळ्याचं पाणी वाढलं तर खालून जाईल. चित्रांच्या खोलीची खिडकी उत्तरेला, कारण तिकडचा उजेड दिवसभर एकसारखा. तिची उंची मी नकाशावरून घेतली नाही. बायकोला खुर्चीवर बसवलं आणि हनुवटीजवळ भिंतीवर पेन्सिलीची खूण केली. बसल्या जागी तिला पाणी दिसायला हवं होतं.

तेवढ्यात गावातल्या वाचनालयाच्या बाईंचा निरोप आला. रविवारी येते, चित्रं बघते, आवडली तर वाचनालयात प्रदर्शन लावू. बायकोच्या चित्रांबद्दल घराबाहेरच्या कुणी विचारायची ही पहिलीच वेळ. त्या दिवशी तिनं चहात दोनदा साखर घातली. मी मुकाट्यानं प्यालो.

"बाईंना नव्या खोलीतच दाखवेन," ती म्हणाली. "रविवारपर्यंत होईल ना हो?"

"हं," मी म्हणालो.

गुरुवारी लाकूड संपलं. नेमक्या तिच्याच खोलीची जमीन राहिली होती. लेकीला फोन केला, "बाजारातून चोवीस फळ्या आणू का?"

"आणा. पण मग हे घर माझं आहे असं कुणाला सांगू नका."

मी जुन्या घरी आलो, मागची शेड धुंडाळली. आणि नशीब बघा. भिंतीला टेकून, एकसारख्या, दीड वीत रुंद, मोजून चोवीस फळ्या. एका बाजूला रंगाचे डाग होते खरे. मी सवयीप्रमाणे एकेक फळी डोळ्यापाशी धरली, एक डोळा मिटला आणि धारेवरून नजर लावली. कुठंही वाक नाही. डागांचं काय, कुणीतरी ब्रश पुसले असतील.

पहिल्या फळीवर रंधा मारला. रंग निघाला खरा, पण असा चिकटला होता की पात्याची धार गेली. म्हटलं, कशाला? रंगाची बाजू खाली, कोरी बाजू वर. शुक्रवारी संध्याकाळी जमीन तयार. अनवाणी चालून पाहिलं, कुठं चूं नाही की चां नाही.

शनिवारी सकाळी बायको शेडमधून आली. चालत नाही, तरंगत आल्यासारखी.

"अहो, माझी चित्रं कुठायत?"

"कुठली चित्रं?"

"फळ्यांवरची. दोन वर्षांची. सगळी."

मला रंधा आठवला.

"फळ्यांवर चित्रं काढतेस, हे मला कधी सांगितलंस?"

"विचारलं होतं. रेडिओ ऐकत होतात. म्हटलं, शेडमधल्या फळ्या घेऊ का. तुम्ही 'हं' म्हणालात."

(बेचाळीस वर्षांच्या संसारात मी या 'हं'वर काय काय देऊन बसलोय, मला माहीत नाही.)

"मला वाटलं, ब्रश पुसलेत," मी म्हणालो.

ती हळूच म्हणाली, "चित्र चार हात लांबून बघायचं असतं हो. तुम्ही डोळ्याला लावून बघता."

लेकीला बोलावलं. ती आली, जमिनीकडे बघत उभी राहिली.

"बाबा, गोंद लावला नाहीत ना?"

"नाही."

"खिळे?"

"नाहीत. सगळे स्क्रू."

"मग घड्याळ खोलू या," ती म्हणाली, आणि मला माझंच बोलणं परत मिळालं.

शनिवारभर मी गुडघ्यांवर बसून स्क्रू काढले. फळी निघाली की बायको पदरानं पुसायची आणि जागच्या जागी उताणी ठेवायची. सगळ्या उताण्या झाल्यावर मी दारात जाऊन उभा राहिलो. चार हात लांब. आणि तिथं तळं होतं. सकाळचं, दुपारचं, धुक्यातलं, गवतातलं, तेवीस फळ्यांवर. इतकी वर्षं ताट मांडीवर घेऊन मी तिच्या पलीकडे बसलो होतो, आणि हे पाहिलं नव्हतं.

"अगं," मी म्हणालो.

"कळलं," ती म्हणाली.

रविवारी फळ्या भिंतीवर लावायच्या होत्या, पण बाई तासभर आधीच आल्या. दारातच थांबल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग चपला काढून म्हणाल्या, "हे हलवू नका. वाचनालयात कशाला, मी लोकांनाच इथं आणते."

बायकोनं माझ्याकडे बघितलं. ती इतकी हसरी मी लग्नातही पाहिली नव्हती. (तेव्हा तिला माझा 'हं' माहीत नव्हता, तरीही.)

आता त्या जमिनीवर पाय ठेवायची सोय नाही, त्यामुळे खोलीत बसून चित्रं काढता येत नाहीत. ती पुन्हा टेबलावर काढते, या नव्या घरातल्या स्वयंपाकघरात. माझं ताट पुन्हा मांडीवर आलंय.

राहता राहिली चोविसावी फळी. दाराजवळची, मी रंधा मारलेली, दोन्ही बाजूंनी कोरी. तेवढ्या एका फळीवर मला बसायची परवानगी आहे. परवा जेवताना विचारलं, "हिच्यावर काय होतं गं?"

"तुम्ही," ती म्हणाली.

मी घास तसाच धरून बसलो.

"चार दिवस तुमच्या नाकावर घालवले होते. आता जरा सरकून बसा, नाकावरच बसलाय."