दोनशे पाकिटे आणि एक मुहूर्त

सकाळचे ऊन अंबागेटच्या बाजूने कसलीही घाई नसल्यासारखे येत असे. आधी समोरच्या कौलांची कड पिवळी होई, मग कडुनिंबाचा शेंडा, मग वाळत घातलेल्या धोतराचा एक पदर. खिडकीच्या गजांच्या सावल्या भिंतीवर सरकत राहत, आणि शेवटी ते ऊन दारावरच्या पाटीवर येऊन थांबे. पाटी पुरी उजळायला पाऊण तास लागे: 'हरिहरराव. रहस्यभेदक, गुन्हेगारांचे कर्दनकाळ, सूक्ष्म निरीक्षणाचे वऱ्हाडातील एकमेव पीठ. जिना मागे आहे.'

हरिहररावांचा सहायक हेमचंद्र रोज हे ऊन पाहत बसे. कारण ते 'पीठ' या शब्दाशी पोचले की पोस्टमन गल्लीत शिरे, आणि त्यांचे दार ओलांडून पुढे जाई. अकोल्याच्या कुंदाला त्याने अकरा पत्रे लिहिली होती. उत्तर एकाचेही नव्हते.

"पत्रे पोचतच नाहीत," हरिहररावांनी निर्णय दिला. "सॉर्टर खातो."

"खातो?"

"शब्दशः घेऊ नकोस. अजून."

तक्रार गेली. खाली सही हेमचंद्राची. अमरावतीची डाक गावोगावच्या खणांत लावणारे सॉर्टर अब्दुल सत्तार यांच्यावर चौकशी बसली. सोमवारपर्यंत दोष निघाला तर बदली थेट चांद्याला. त्यांची आई अंथरुणाला खिळलेली. तो प्रवास तिला झेपणारा नव्हता. हेमचंद्राला हे ठाऊक होते. तरी त्याने सही मागे घेतली नाही. कारण सही मागे घ्यायची म्हणजे पत्रे पोचली असे मानायचे.

पुराव्यासाठी हरिहररावांनी दोनशे कोरी पाकिटे आपल्या अकोल्याच्या मेहुण्याच्या पत्त्यावर टाकली. दुसऱ्याच दिवशी सगळी पोचली. "एकही गहाळ नाही," ते गंभीरपणे म्हणाले. "निष्पाप माणूस इतका बिनचूक नसतो."

दोघे जाब विचारायला डाकघराच्या मागल्या खिडकीशी गेले. सत्तार चष्मा पुसत होते.

"दोनशे पाकिटं, अन् मानूस एकच," ते म्हणाले. "म्या एका सुतळीत बांदली न् थैल्यात टाकली. यात माही परीक्षा काय झाली, साहेब?"

"मग खरी डाक कशी असते?" हेमचंद्राने हळूच विचारले.

"शंभरात साठ कार्डं. त्यात चाराचा कोपरा फाडलेला, मयताची. ते थांबवता येत नाई. लगनसराईत वीस पत्रिका, हळदीनं बोटं पिवळी होतात. उरले त्याइचे पत्ते असे, का नुसतं 'नांदगाव, विहिरीजवळ'. आता नांदगाव पेठ का नांदगाव खंडेश्वर, हे मले सपनात दिसते काय? अन् हे समदं सायंकाळच्या गाडीआधी, एका घंट्यात येते. तसं आना, मंग तपासा मले."

"आरोपी स्वतःच सापळ्याचे माप देतो," परतताना हरिहरराव पुटपुटले. "केवढा पाताळयंत्री."

माप मात्र त्यांनी तंतोतंत पाळले. हेमचंद्राने डाव्या हाताने, उजव्या हाताने, बोथट टाकाने दोनशे कार्डे-पाकिटे लिहिली. पत्ते खरेच हवे होते, नाहीतर सगळे परत आले असते. मयताच्या आठ कार्डांवर हरिहररावांनी उदारपणे स्वतःचे नाव घातले आणि उत्साहाच्या भरात त्यांतल्या एकाला हळदही लावली. चाळीस पत्रिकांना वधूवरांची नावे हवी होती. ती हेमचंद्राच्या लेखणीने त्याला न विचारता लिहिली: हेमचंद्र आणि कुंदा. स्थळ हरिहररावांचे हेच कार्यालय, मुहूर्त रविवारी सकाळी दहा. अकोल्याचा एकच पत्ता त्याला तोंडपाठ होता. एक पत्रिका तिकडेही गेली.

पुरावा मोजावा लागला नाही. रविवारी तो पायांनी चालत जिना चढला. सदतीस कुटुंबे आहेर घेऊन आली. चौघे हरिहररावांना खांदा द्यायला आले होते. ते जिवंत दिसताच त्यांतला एक उघड नाराज झाला.

"मी नत्थुजी, नांदगावचा, विहिरीजवळचा," एक पागोटेवाला म्हणाला. "पंगत कवा बसते?"

त्याच्यामागून छत्री टेकत एक बाई आल्या. "तुमीच का हेमचंद्र? मी पार्बताबाई, कुंदाची आत्या. पत्रिका भेटली. नवरीले इचारलं, तं तिलेच काई ठाव नाई."

हेमचंद्राने त्यांची छत्री घेऊन कोपऱ्यात ठेवली. "आधीची पत्रे..."

"अकराच्या अकरा भेटली. दुसऱ्या दिवशी, दुपारच्या आत. लिहिता मोठं गोड तुमी. मी दोनदा दोनदा वाचली."

"आणि कुंदा?"

"ती एकडाव वाचते न् ठेवून देते."

"आता उलगडले," हरिहरराव उठून उभे राहिले. "चोरी पत्रांची नाही, उत्तरांची. सूत्रधार अकोल्यात आहे."

"उत्तर लिहिलं तं चोरी जाईन ना, भाऊ," पार्बताबाई म्हणाल्या आणि त्यांनी पाणी मागितले.

हेमचंद्राने त्यांना पाणी दिले. मग पाहुण्यांच्या गलबल्यात भिंतीकडे तोंड करून तो कागद घेऊन बसला. तीनदा त्याने 'कदाचित' हा शब्द लिहिला आणि तीनदा खोडला. शेवटी पोस्टमास्तरांना उद्देशून अर्ज तयार झाला: 'तक्रार मागे घेत आहे. श्री. अब्दुल सत्तार यांचा काहीही दोष नाही. माझी सर्व पत्रे वेळेवर पोचली. त्यांना उत्तर द्यावे असे कुमारी कुंदा यांना वाटले नाही.'