बर्फातले नाना

आमचे शेजारी नाना बाहेर पडण्याआधी कुठे पोचलो ते कळवून टाकत.

नाना हौशी रेडिओवाले. गच्चीवर उंच एरियल, खोलीत वायरलेस सेट, शेजारी कॉम्प्युटर. सेटवरून आपलं ठिकाण अक्षांश-रेखांशात सोडायचं, कॉम्प्युटर ते पकडून फोनच्या तारेतून इंटरनेटवर ढकलणार, की जगात कुठेही नकाशावर नानांचा ठिपका उमटणार. या सगळ्या खटाटोपाला ते 'नाका' म्हणत. नाका अमेरिकेतल्या मुलानं, मधूनं, जळगावला आला तेव्हा जोडून दिला होता.

आता सेट घरी आणि नाना बाहेर, मग ठिकाण कळवायचं कसं? नानांनी तोड काढली. निघतानाच टाकायचं, 'अकरा वाजता धरणगाव', आणि मग जिवाच्या आकांतानं अकराला धरणगाव गाठायचं. जन्मभर जमिनी मोजलेला माणूस, बोटभरसुद्धा चूक खपायची नाही. जामनेरला जाताना एकदा बस रस्त्यात बंद पडली. नाना दोन मैल पळाले आणि वेशीजवळ धापा टाकत उभे राहून घड्याळाकडे विजयानं बघत राहिले. माझ्या भाच्याच्या लग्नात तर भरल्या पंगतीतून उठले. हातात अर्धी जिलबी.

"नाना, निदान मठ्ठा तरी घ्या!"

"बठ्ठी दुनियाले सांगेल शे, एक वाजता मी घर शे!"

सगळी दुनिया म्हणजे मधू. बाकी कोणी बघत असेल असं मला तरी वाटत नाही.

असे हे काटेकोर नाना एका उन्हाळ्यात चुकले. घराचे आकडे नव्यानं टाकताना अक्षांशाच्या जागी रेखांश गेला, आणि ठिपका थेट उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात. इकडे जळगावात डांबर वितळतंय, नाना ओला पंचा डोक्यावर घेऊन बसलेत, आणि जगाच्या नकाशावर ते बर्फात!

चार महिन्यांत न आलेला मधूचा फोन त्याच संध्याकाळी आला. "नाना, तुम्ही बरफमा काय करी राहिनात?"

काकूंनी हसून हसून पदर तोंडात कोंबला. मधूनं आकडे सांगितले, नानांनी दुरुस्त केले. मग नातवाचा दात पडल्याचं निघालं, काकूंच्या गुडघ्याचं निघालं. नाना आठवडाभर मला तोच फोन ऐकवत होते.

पुढच्या महिन्यात नानांच्या कॉम्प्युटरवर बघतो तर ठिपका अरबी समुद्रात. मग कुठल्याशा वाळवंटात. मला काळजी वाटू लागली. वय झालं, म्हटलं, डोकं साथ देईना. एका रविवारी संध्याकाळी मुद्दाम गेलो. नाना आकडे टाकत होते आणि मागे काकू उभ्या.

"आज ठिपकाले थंड जागावर ठेवा," त्या म्हणाल्या. "वाळवंटमा दोनदा व्हयी गयं."

मी चाट पडलो. "नाना, तुम्ही मुद्दाम चुकताय?"

नानांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पुसला. "ठिपका जागावर शे म्हंजे मधू समजस, बठ्ठं ठीक शे. मंग फोन कसाले करी?"

दोघांची ती चोरी पकडायला आपण आलोच कशाला, असं झालं.

काकूंनी चहा टाकला. चहा संपला तरी फोन वाजला नाही. नाना उगाच एरियलची वायर हलवून बघत होते, काकू फोनवरचं कापड सारखं करत होत्या. मी उठायला लागलो तेवढ्यात घंटी वाजली.

नानांनी झडप घातली. काकूंनी दुसऱ्या बाजूनं रिसीव्हरला कान लावला.

"काय म्हंतोस? परत बरफमा? अरे बापरे!" नाना म्हणाले. "सांग भाऊ, बरोबर आकडा सांग. धीरे धीरे सांग, मी लिखी लेस."

त्यांच्या हातात पेन नव्हतं.