कुणीही जागचं उठायचं नाही

शिक्षकांसाठी वाचनाचे उपक्रम फुकट देणारं एक संकेतस्थळ तिसरीच्या बाईंना सापडलं होतं, आणि तेव्हापासून शाळेत कुणाला सुख म्हणून नव्हतं. या वेळचा उपक्रम दिसायला साधा होता. घंटा झाली की आवारात असेल त्या प्रत्येकाने हातातलं काम टाकून पंधरा मिनिटं वाचायचं. बोलायचं नाही, जागचं उठायचं नाही. तपासायला संकेतस्थळाच्या मॅडम येणार होत्या. सगळं नियमाप्रमाणे पार पडलं तर शाळेला दोन कपाटं भरून पुस्तकं मिळणार होती, आणि एक जण जरी उठला तरी ती गेली.

शाळेच्या कपाटात तेव्हा गोष्टींची अकराच पुस्तकं होती. मुलांनी ती इतक्यांदा वाचली होती की पान उलटायच्या आधीच पुढचं म्हणून दाखवत. बाईंना त्याचं मनापासून वाईट वाटे.

मॅडमना गळका नळ दिसू नये म्हणून मोठ्या बाईंनी नेमका त्याच सकाळी नळवाला बोलावला. त्याने नळ काढला आणि घंटा सुरू झाली. त्याने बंद केलेला कॉक मात्र भलत्याच नळाचा निघाला. तो हात पुसत तिसरीच्या दारात आला.

"बाई, मेन कॉक कुठंय? तिकडं पाणी..."

"नंतर. आधी वाचा," म्हणत बाईंनी चष्मा हरवलेल्या अस्वलाची गोष्ट त्याच्या हातात कोंबली, आणि घंटा थांबली. नळवाल्याने खांदे उडवले, दारातच बसकण मारली आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

पाचव्या मिनिटाला पाणी वर्गात आलं. एरवी पाल दिसली तरी शाळा डोक्यावर घेणारी पोरं पाय बाकावर घेऊन शहाण्यासारखी वाचत राहिली. बाईंनी पाण्याकडे बघितलं, दोन कपाटं आठवली आणि मान खाली घातली. मागच्या खुर्चीवर मॅडमनी आधी पर्स मांडीवर घेतली, मग मांडीच घातली. नियम त्यांचाच होता, तेव्हा त्यांनाही उठता येईना. रद्दी कागदांचा डबा तरंगत आत आला, वर्गभर हिंडला आणि फळ्याखाली थांबला.

पंधरा मिनिटं झाली, वीस झाली, घंटा काही होईना. घंटा द्यायची शिपाईकाकांनी, आणि वाचायचा नियम काकांनाही होता. पुस्तकं संपल्यामुळे बाईंनी त्यांना उपक्रमाच्या सूचनांचाच कागद दिला होता. काका एकेक अक्षर पारखून घेणारे. 'पंधरा मिनिटांनी घंटा द्यावी' ही सूचना सगळ्यात शेवटी होती आणि काका तिथवर अडतिसाव्या मिनिटाला पोचले.

घंटा होताच मोठ्या बाई घोटाभर पाण्यातून तरातरा आल्या. "ही शाळा आहे का धरण?" त्यांनी विचारलं. तेवढ्यात नळवाला उठला.

"बाई, अस्वलाला चष्मा मिळतो का? शेवटचं पानच नाही यात."

मॅडमनी बाकावर पाय घेतलेल्या मुलांचा फोटो काढला. पाणी आलं तरी एक मूल हललं नाही, अशी एकाग्रता आपण उभ्या जन्मात बघितली नाही, असं त्यांनी वहीत लिहिलं. पंधरा दिवसांत दोन कपाटं आली. बाई एकट्याच त्यांच्यापुढे बसून रडल्या.

महिन्याभराने संकेतस्थळावर त्या फोटोसकट नवा उपक्रम झळकला. वाचताना वर्गात घोटाभर पाणी ठेवल्यास मुलांचं चित्त स्थिर राहतं, असं त्यात म्हटलं होतं. सोमवारी बाकीच्या शाळांचे शिक्षक या शाळेत प्रात्यक्षिक बघायला येणार होते. मोठ्या बाईंनी ते दोनदा वाचलं, तिसरीच्या बाईंकडे एकदाच बघितलं आणि नळवाल्याला फोन लावला.

"सोमवारी या. नळ काढायचाय."

"कुठला बिघडलाय?"

"बिघडलेला नाही. काढून नुसतं बसायचंय."

नळवाला म्हणाला, "येतो. पण या वेळी शेवटचं पान असलेलं पुस्तक द्या."