सुरवसेकाकांचा बाण

सुरवसेकाकांनी आमच्या कॉलनीची हुरडा पार्टी आधी कॉम्प्युटरवर खाऊन बघितली होती.

काका मूळचे मोडनिंबचे, आता जुळे सोलापुरात माझे शेजारी. उभी हयात हवाई दलाच्या एका कार्यालयात गेली, पण विमान म्हणाल तर कधी हातात धरलं नाही. वैमानिक घडवायचे तर पोरं किती घ्यायची, शिक्षक किती, विमानं किती, धुक्यात किती दिवस वाया जाणार, हे सगळं ते कॉम्प्युटरवर खोटं खोटं चालवून बघत. त्याला सिम्युलेशन म्हणतात. काका म्हणतात, "खोटी वर्षं पळवायची, म्हंजे खरी वाया जात न्हाईत."

निवृत्त झाले, पण खोड कुठली जायला! पार्टीला शेतावर पोचल्या पोचल्या त्यांनी आम्हाला हुरडा भाजायच्या आगटीभोवती उभं केलं. "कणसं म्हंजे पोरं. आगटी म्हंजे विमान. चोळणारा म्हंजे शिक्षक. आता सांगा, अडतंय कुटं?"

"आणखी एक आगटी पेटवू या," माझा मेव्हणा म्हणाला.

"आन चोळणार कोण? तुमी? भाजलेलं कणीस थांबलं की गार. पोराचंबी तसंच हाय. थांबून ऱ्हायलं की शिकलेलं इसरतंय."

मेव्हण्याला चोळायला बसवलं. त्याचे तळहात लाल झाले, पण हुरडा मात्र सगळ्यांना गरम मिळाला. कॉलनीत नळाला कुठल्या दिवशी पाणी येणार, त्या पाळीचंही मॉडेल त्यांनी केलं होतं. ते सपशेल आपटलं. "वॉल सोडणारा मानूस कुटल्याच गणितात बसत न्हाई," म्हणून काकांनी नाद सोडला.

त्यांची एकुलती एक लेक अश्विनी हवाई दलात वैमानिकाच्या प्रशिक्षणाला निवडली गेली, तेव्हा कॉलनीभर पेढे वाटले. काकू गेल्यापासून घरात ही दोघंच. एका संध्याकाळी गेलो, तर काका पडद्यासमोर बसलेले. चौकोनामागे चौकोन, आणि प्रत्येक चौकोनातून बाहेर जाणारा एक बाण.

"हा बाण कसला?"

"गळती. परत्येक टप्प्याला थोडी पोरं गळणारच."

"मग या बाणावर शून्य का?"

काकांनी चष्मा पुसला. "तितं अश्विनी हाय. बाप हाय की मी."

मला हसू आलं, आणि गलबलूनही आलं.

गेल्या महिन्यात काकांना अश्विनीचा फोन आला. तिचं उड्डाण कायमचं थांबवलं होतं. ती घरी येत होती. मी काकांना म्हणालो, स्टेशनवर आणायला माझी गाडी काढतो.

"नगं. मी सोलापूरच्या अलीकडं कुर्डुवाडीला जातो, तितनं तिच्याच डब्यात चढतो. सोलापुरात उतरली की धा जण इचारणार. तवर कुणीतरी संगं पायजे की." पायात चप्पल सरकवता सरकवता ते थांबले. "इतकी वर्सं बाण काढले. गळालेलं पोरगं पुढं कुटं जातंय, ते कदी बघितलंच न्हाई."

माझ्या जिवाला चैन पडेना. तिची रेल्वे कुर्डुवाडी सोडून पुढे आली असेल असं वाटल्यावर मी फोन लावला.

"काका, भेटली का?"

"भेटली की." आवाज इतका बारीक, की मला फोन कानाला दाबून धरावा लागला. "लई रडली. आता खांद्यावर झोपलीया. हळू बोला."

मी जुळे सोलापुरात माझ्या ओट्यावर उभा होतो, तरी उरलेलं सगळं कुजबुजतच बोललो.