सहस्रकुंड सहल नियोजन समितीचा अहवाल

सहल निसर्गावाचून होऊ शकते, नियोजनावाचून नाही. आमच्या अहमदपूरच्या शाळेत हे सर्वमान्य असल्यामुळेच जुलैमध्ये सहस्रकुंड सहल नियोजन समिती स्थापन झाली. सदस्य अकरा, सचिव मी.

निमित्त भामाबाईंचे. त्या शाळेच्या शिपाई, ऑक्टोबरअखेर निवृत्त होणार. शाल-श्रीफळाशिवाय आणखी काय हवं, असं मुख्याध्यापक गुरुपादप्पा सरांनी विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "एकतीस वर्सं पानी भरून राहिले, सर. कुनी न भरता पडतंय ते पानी एकदा बघायचंय."

सर हेलावले. इस्लापूरजवळ सहस्रकुंडला पैनगंगा काळ्या कातळावरून दरीत कोसळते आणि दसऱ्यानंतर तिथलं पाणी ओसरू लागतं. सबब विलंब नको, असं समितीने दोन बैठका घेऊन ठरवलं. (भामाबाई समितीवर नाहीत. बैठकीला चहा कुणी द्यायचा?)

जुलै महिना बसच्या चाकावरच्या सीटवर कोण बसणार, या चर्चेत गेला. अकरापैकी नऊ सदस्यांची कंबर नाजूक निघाली. उरलेल्या दोघांनी पुढच्या बैठकीत डॉक्टरचे दाखले आणले.

मग श्रावण लागला. मटणाशिवाय सहल कसली, म्हणून श्रावणाला पाच जणांची हरकत. मटण असेल तर येत नाही, म्हणून श्रावणानंतरच्या दिवसांना सहा जणांची. नंतर गणपती. पितृपक्षात दऱ्या बघू नयेत, असं कुठे लिहिलेलं नाही, पण विषाची परीक्षा कोण घेणार? सतरा सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिदिनाचं झेंडावंदन. नवरात्रात चौघे अनवाणी असतात, ते खडकावर चालणार कसे? महामाया मॅडम दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जाणार होत्या. तसं त्यांनी जुलैतच लेखी कळवलं होतं. (वेळेत कळवल्यामुळे समितीत त्या जरा विक्षिप्त समजल्या जातात.)

अखेर गणिताच्या भागवत सरांनी मोठा तक्ता केला. उभे रकाने सदस्यांचे, आडवे तारखांचे, हरकतीला लाल फुली. अख्ख्या तक्त्यात एकच तारीख स्वच्छ निघाली, ३१ सप्टेंबर. त्या दिवशी ना उपवास, ना लग्न, ना झेंडावंदन. टाळ्या वाजल्या, ठराव एकमताने मंजूर झाला आणि मी सही केली.

कप गोळा करताना भामाबाई म्हणाल्या, "सर, सप्टेंबरात एकतीस न्हाई. नळ आठ दिवसाला येतो, त्याची खूण कॅलेंडरवर मीच करते."

समितीत गणिताचे दोन शिक्षक आहेत. दोघांनीही हरकतीचा मुद्दा तपासून बरोबर असल्याचं सांगितलं, आणि नव्या तारखेसाठी उपसमिती नेमण्यात आली.

पुढच्या रविवारी भामाबाई पहाटेच्या एसटीने निघाल्या. नांदेडला गाडी बदलली, इस्लापूरला उतरल्या, पुढे एका टमटममध्ये बसल्या. चाकावरची सीट मिळाली की कुठली, हे त्यांना आठवत नाही. सोमवारी वेळेवर येऊन त्यांनी माठ भरले.

"कसं होतं?" मी विचारलं.

"लई पानी हाय, सर. कुनी भरत न्हाई, तरी सरत न्हाई. मी नुसती बसून राहिले. दोन घंटे कुनी हाक मारली न्हाई."

मला लाज वाटली. (कार्यवृत्तात तशी नोंद नाही.) समितीने मात्र विनापरवानगी सहलीची गंभीर दखल घेतली. पुढे भामाबाईंनी आणलेली पैनगंगेच्या पाण्याची बाटली टेबलावर ठेवून सगळ्यांनी तिच्यासोबत फोटो काढून घेतला आणि सहल यशस्वी झाल्याचा ठराव केला. फोटो भामाबाईंनी काढला.

अहवाल वाचून हसणाऱ्यांसाठी एक सूचना. आपल्या घरात पाणी कोण भरतं, ते आधी बघावं. तिला कुठे जायचं होतं, हे तिने एकदा सांगितलेलं असतं; आठवत नसेल तर पुन्हा विचारावं. तारखेची काळजी करू नये. ३१ सप्टेंबर अजून मोकळीच आहे.